वाट वाकडी करणारी जहाजे

जमिनीवर अपघात झाला म्हणजे दहा माणसे धावून येतात. त्यांतली आठ नुसती बघी असली तरी दोघे हात लावतात. समुद्रावर ही सोय नाही. किनारा क्षितिजाआड गेला की नावेतल्या माणसाला शेजार उरतो तो वाटेने जाणाऱ्या जहाजांचा. आणि ती जहाजे आपापल्या कामासाठी, ठरल्या वेळी ठरल्या बंदराला लागण्यासाठी निघालेली असतात. अशा जहाजाने आपली वाट वाकडी करावी आणि ओळखदेख नसलेल्या माणसांना उचलून घ्यावे, ही अपेक्षा कोठून आली, ती पुरी कशी होते आणि कोठे अडते, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

उदाहरण मुद्दामच सहलीच्या जहाजाचे घेऊ. ज्याला आज क्रूझ म्हणतात त्या जहाजावर लोक पैसे मोजून मौजेसाठी चढलेले असतात. बुडत्याला वाचविणे हा त्या जहाजाचा धंदा नव्हे. २५ सप्टेंबर २०१४ रोजी सायप्रसचे 'सालामिस फिलोक्सेनिया' नावाचे असेच एक जहाज ग्रीक बेटांची सहल आटोपून लिमासोल बंदराकडे परतत होते. त्याच दिवशी सायप्रसच्या शोध-बचाव केंद्राला खबर मिळाली की, पाफोस गावच्या नैर्ऋत्येला एक लहान मासेमारी नाव वादळी हवेत सापडली आहे आणि ती माणसांनी गच्च भरली आहे. जवळ असलेल्या या जहाजाला तिकडे जाण्यास सांगण्यात आले. जहाज वळले. त्या नावेतून ३४५ माणसे निघाली. बहुतेक सिरियातल्या युद्धातून पळालेली; त्यांत बायका होत्या, मुले होती. सगळी जिवंत हाती लागली. 'फिलोक्सेनिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ परक्याचे आतिथ्य. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात अर्थात तिकीट काढून येणारे पाहुणे असतील. त्या दिवशी बिनतिकिटाचे आले.

ही हकीकत ऐकली की कप्तान दयाळू होता म्हणून हे घडले, असे आपल्याला वाटते. दया लागतेच, परंतु एकट्या दयेने हे काम होत नाही. चार गोष्टी जुळाव्या लागतात. संकटाची हाक कोणाच्या तरी कानी पडली पाहिजे. ऐकणाऱ्याने वळले पाहिजे. वळल्यावर माणसे उचलता आली पाहिजेत. आणि उचललेली माणसे कोठे तरी उतरविता आली पाहिजेत. यांतली एक कडी तुटली की बाकीच्या तीन व्यर्थ होतात.

पहिली कडी कानाची. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्यापासून कितीतरी जवळ 'कॅलिफोर्नियन' नावाची आगबोट बर्फामुळे थांबून राहिली होती. तिच्यावर बिनतारी यंत्र होते, पण ते चालविणारा माणूस एकच. दिवसभराचे काम संपवून, टक्कर होण्याच्या थोडेच आधी तो झोपी गेला. तिच्यावरच्या पहाऱेकऱ्यांना आकाशात उडालेली रॉकेट दिसली, पण यंत्रावरच्या माणसाला कोणी उठविले नाही. दूरवरच्या 'कार्पाथिया' या प्रवासी आगबोटीवरही यंत्रचालक एकच होता, हॅरल्ड कॉटम. तोही निजण्याच्या तयारीत होता. मात्र कानावरचे यंत्र त्याने अजून उतरविले नव्हते. एवढ्याशा योगायोगावर सातशेहून अधिक माणसांचे प्राण तगले.

प्राण असे योगायोगावर सोडता येत नाहीत, हे जगाला त्या रात्री कळले. १९१४ च्या जानेवारीत लंडनला समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि मोठ्या प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्राशी अष्टौप्रहर पहारा असावा असे ठरले. महायुद्धामुळे तो करार त्या रूपात अमलात आला नाही, पण तत्त्व टिकले. पुढे माणसाच्या कानाची जागा यंत्राने घेतली. फेब्रुवारी १९९९ पासून मोठ्या जहाजांसाठी जी जागतिक योजना पूर्णपणे लागू झाली, तीत संकटाचा संदेश उपग्रहामार्फत आपोआप पोहोचतो. जहाज बुडाले तर त्याच्यावरचे एक लहान यंत्र सुटून पाण्यावर तरंगते आणि आपले ठिकाण सांगत राहते. आपल्याकडे असे संदेश बंगळूरच्या केंद्रात उतरतात आणि तेथून तटरक्षक दलाकडे जातात. हिंदी महासागराचा सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरांचा विभाग शोध-बचावासाठी भारताच्या वाट्याला आहे, आणि मुंबई, चेन्नई व पोर्ट ब्लेअर येथील केंद्रांतून त्याची सूत्रे हलतात. किनाऱ्यावरच्या कोणालाही तटरक्षक दलाला खबर देता यावी म्हणून १५५४ हा दूरध्वनी क्रमांक ठेवलेला आहे.

या कडीचे मोल महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई हाकेच्या अंतरावर. परंतु बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. तासन्‌तास शहराला पत्ता नव्हता. जी माणसे वाचली त्यांतल्या अनेकांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतले. त्यांना कोणी संदेश धाडला नव्हता. त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि ते वळले.

दुसरी कडी या वळण्याची. बुडत्याला वाचविणे हा दर्यावर्दी लोकांचा फार जुना रिवाज आहे. त्याला कायद्याचे रूप मिळाले ते १९१० च्या ब्रुसेल्स येथील कराराने. समुद्रावर जिवाच्या धोक्यात सापडलेल्या प्रत्येक माणसाला, तो शत्रू असला तरी, मदत करणे हे कप्तानाचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. अट एवढीच की, आपले जहाज, खलाशी व उतारू यांना मोठा धोका नसावा. हेच तत्त्व १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कायद्यात आले, आणि त्यापूर्वी आपल्या १९५८ च्या व्यापारी जहाजांच्या कायद्यातही ते घातलेले होते. उशीर होईल, कोळसा किंवा तेल जास्त जळेल, उतारू कुरकुरतील, ही कारणे त्यात बसत नाहीत.

जुलै १९५६ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन प्रवासी जहाजे एकमेकांवर आदळली. 'आंद्रेआ डोरिया' एका अंगावर इतकी कलली की तिच्या निम्म्या होड्या पाण्यात सोडताच येईनात. न्यूयॉर्कहून फ्रान्सकडे निघालेली 'इल द फ्रान्स' ही भली मोठी आगबोट त्याच दिवशी बाहेर पडली होती. तिच्या कप्तानाने तोंड फिरविले, धुक्यातून परत आला, आणि जहाजावरचे सगळे दिवे लावले. अंधारात बसलेल्या माणसांना ते दिवे दिसले तेव्हाच अर्धा धीर आला असेल. त्या एका जहाजाने ७५३ माणसे उचलली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मार्च २०१२ मध्ये 'स्टार प्रिन्सेस' या सहलीच्या जहाजावरून पक्षी पाहणाऱ्या काही प्रवाशांना दुर्बिणीतून दूरवर एक लहान नाव दिसली. तीत कोणीतरी कापड हलवीत होते. त्यांनी ही गोष्ट जहाजावरच्या नोकरांना सांगितली. जहाज थांबले नाही. त्याच सुमारास पनामाची एक मासेमारी नाव इंजिन बिघडून पॅसिफिक महासागरात वाहात चालली होती. तिच्यातल्या तिघांपैकी दोघे पुढे मेले. एक तरुण अठ्ठावीस दिवसांनी गालापागोस बेटांजवळ जिवंत सापडला. निरोप कप्तानापर्यंत पोहोचलाच नाही, असा खुलासा जहाजाच्या कंपनीने केला. प्रवाशांना दिसलेली नाव हीच होती काय, याबद्दलही पुढे वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु पाहणारा तळमजल्यावर आणि ठरविणारा माथ्यावर असला म्हणजे मधल्या जिन्यात निरोप हरवू शकतो, एवढे त्यावरून उघड होते. हजारो माणसे नेणाऱ्या जहाजाला हा जिना फार लांब असतो.

तिसरी कडी उचलण्याची. येथे आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाची कल्पना अपुरी पडते. आपल्याला वाटते, जहाज जवळ नेले, दोर टाकला, माणसे वर आली. वस्तुतः पूर्ण वेगाने चाललेले मोठे जहाज यंत्रे उलटी फिरविली तरी मैलभर पुढे सरकते. जवळ जायचे तेही बेताने, कारण मोठ्या जहाजाच्या नुसत्या हेलकाव्याने लहान नाव चेचून निघेल. म्हणून कप्तान आपले जहाज वाऱ्याला आडवे धरतो. त्याचे प्रचंड धूड भिंतीसारखे वारा-लाटा अडविते आणि पलीकडच्या बाजूला थोडे शांत पाणी तयार होते. त्या आडोशाला नाव घेतात. जहाजाच्या कुशीत, पाण्यापासून थोड्याच उंचीवर एक दार असते. एरव्ही बंदराचा पायलट त्यातून चढतो. अशा वेळी दोराची शिडी सोडून तेथूनच माणसे घेतात. फार वेळ गार पाण्यात राहिलेल्या माणसाला शक्यतो आडवे ठेवून वर काढावे लागते. उभे ओढले तर रक्ताभिसरण एकाएकी ढासळून तो दारातच दगावू शकतो.

सर्वांत मोठे भय निराळेच असते. मदत दिसताच नावेतली माणसे हर्षाने एका बाजूला धावतात, आणि तेवढ्या भाराने नाव उलटते. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री लिबियाच्या उत्तरेला असेच झाले. शेकडो निर्वासितांनी भरलेली नाव, मदतीसाठी आलेल्या 'किंग जेकब' या मालवाहू जहाजावर आदळली आणि उलटली. आठशेच्या वर माणसे बुडाली असा अंदाज आहे. वाचली ती अवघी अठ्ठावीस. मदत येऊन पोहोचली होती, कप्तानाने कर्तव्य केले होते, आणि तरीही असे झाले.

म्हणून पूर्वतयारीला महत्त्व. 'कार्पाथिया'चा कप्तान आर्थर रॉस्ट्रन याच्या हिशोबाने टायटॅनिकची जागा ५८ सागरी मैल दूर होती. तेवढ्या वेळात त्याने काय काय केले याची यादीच त्याने पुढे चौकशीत सांगितली. जहाजाचे तापविणे बंद करून सगळी वाफ यंत्रांकडे वळविली. कुशीतली दारे उघडली, दोराच्या शिड्या टांगल्या. जखमींसाठी टांगत्या खुर्च्या आणि लहान मुलांसाठी कॅनव्हासच्या पिशव्या तयार ठेवल्या. तीन भोजनगृहांत तीन डॉक्टर बसविले. गरम पेये व ब्लँकेटे काढली. लाटा शमाव्यात म्हणून शौचकूपांतून समुद्रात तेल सोडण्याचीही तजवीज केली. पहाटे चारच्या सुमारास पहिली होडी लागली तेव्हा दारातल्या माणसाला आपले काम ठाऊक होते. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर शहाणी गृहिणी जे करते तेच हे. फक्त वेळ तीन-साडेतीन तासांचा आणि पाहुणे मरणाच्या दारातले.

उरली चौथी कडी, आणि आजच्या काळात हीच सर्वांत नाजूक आहे. 'फिलोक्सेनिया' लिमासोलला लागली तेव्हा सुटका झालेल्यांपैकी बहुतेकांनी उतरण्यास नकार दिला. त्यांना इटलीला जायचे होते; सायप्रस हे त्यांच्या वाटेवरचे गाव नव्हते. इकडे पुढच्या फेरीचे उतारू बंदरावर तिष्ठत होते आणि कंपनीचे नुकसान तासातासाला वाढत होते. बऱ्याच मनधरणीनंतर सगळी उतरली आणि त्यांना तात्पुरत्या छावणीत नेण्यात आले.

तेथे निदान बंदर तरी उघडे होते. ऑगस्ट २००१ मध्ये नॉर्वेच्या 'टॅम्पा' या मालवाहू जहाजाने हिंदी महासागरात एका बुडत्या बोटीतून ४३३ निर्वासित काढले, तर ऑस्ट्रेलियाने त्याला निर्वासितांसह बंदरात येऊ देण्याचे नाकारले. कायदा पाळणारा कप्तान दिवसचे दिवस समुद्रात अडकून पडला. असे वारंवार घडू लागले तर उद्या दुसरा एखादा कप्तान लांबवर नाव पाहील आणि दुर्बीण दुसरीकडे वळवील, हे ओळखून २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करारांत दुरुस्ती झाली. वाचविलेल्यांना सुरक्षित जागी उतरवून जहाजाला लवकर मोकळे करणे यासाठी राष्ट्रांनी परस्पर सहकार्य करावे, आणि ज्या विभागात माणसे वाचविली गेली त्या विभागाचे उत्तरदायित्व ज्या राष्ट्राकडे आहे त्याने त्यात पुढाकार घ्यावा, असे त्यात आहे. १ जुलै २००६ पासून ही दुरुस्ती लागू आहे. परंतु 'कोणत्या बंदरात' याचे उत्तर कागदाने सक्तीने दिलेले नाही, आणि भूमध्य समुद्रात त्यावरून तंटे होतच राहिले.

कोणी विचारील, या सगळ्यात आमच्यासारख्यांचा संबंध काय? आम्ही ना कप्तान, ना खलाशी. संबंध आहे. मुंबईहून सहलीची जहाजे सुटतात आणि आपल्यातले पुष्कळजण त्यांवरून गोव्याला, लक्षद्वीपला जातात. कठड्याशी उभे राहून समुद्र न्याहाळणारा उतारू हा जहाजाचा जादा डोळाच असतो. दूरवर एखादी होडी निरर्थक वाहताना दिसली, कोणी कापड वा हात हलविताना दिसले, तर जवळच्या नोकराला एकदा सांगून गप्प बसू नये. वेळ टिपून ठेवावी, कोणत्या बाजूला दिसले ते सांगावे, आणि निरोप जहाज चालविणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत गेला की नाही हे विचारून घ्यावे. आगंतुकपणा वाटला तरी चालेल. जहाज दोन तास उशिरा पोहोचले तर कुरकुरणाऱ्यांत आपला आवाज मिसळू नये, हे त्याहून सोपे काम.

चारही कड्या माणसांनीच घडविल्या आहेत, आणि बहुतेक एकेका दुर्घटनेनंतर घडविल्या आहेत. त्या साबूत ठेवण्याचे काम कप्तानाचे, सरकारांचे आणि कठड्याशी उभ्या असलेल्या आपलेही आहे. कारण जहाज वळेल की नाही, याची वाट पाहणारा माणूस त्या वेळी पाण्यात असतो आणि त्याला यांतले काहीच करता येत नाही.