अंगांत राहिलेलें शल्य

'शल्यक्रिया' हा शब्द आपण नेहमीं वापरतों. परंतु 'शल्य' म्हणजे मूळचें अंगांत रुतून बसलेलें टोक, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. तें काढण्याच्या उपायांत सुश्रुतानें अयस्कान्ताची, म्हणजे चुंबकाचीही, गणना केली आहे. मात्र प्रत्येक शल्य निघतेंच असें नाहीं.

सांगली जिल्ह्यांतील श्री. मुरलीकांत पेटकर यांस सन १९६५ च्या युद्धांत नऊ गोळ्या लागल्या, व त्यांपैकीं एक पाठीच्या कण्यांत राहिली. याच गृहस्थांनीं सन १९७२ मध्यें हायडेलबर्ग येथें दिव्यांगांच्या ऑलिंपिकांत ५० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें! काढण्यांत अधिक धोका असेल, तेथें वैद्य शल्य तसेंच ठेवितात.

परंतु असा मनुष्य वीस वर्षांनीं परक्या इस्पितळांत गेला, तर तेथें हें कसें कळावें? याकरितां रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे संकेतांक आहेत. त्याचा पाया बर्तियों या फ्रेंच पंडितानें सन १८९३ मध्यें घातला. अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू झालेल्या विस्तृत आवृत्तींत 'झेड १८' हें घर अंगांत राहिलेल्या तुकड्यांचें आहे. चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या धातूस १८.११, न ओढल्या जाणाऱ्यास १८.१२, आणि प्रकार लिहिलाच नसेल तर १८.१०. हा शेवटचा आंकडा आम्हांस आळशाचा आश्रय वाटतो. वैद्यांनीं जाणून बसविलेल्या कृत्रिम सांध्याचें घर निराळें. शस्त्रक्रियेंत चुकून आंत राहिलेल्या वस्तूचें त्याहून निराळें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ दहाव्या आवृत्तींत मांसांत राहिलेल्या परक्या वस्तूस 'एम ७९.५' हा अंक आहे. त्यांत चुंबकाचा भेद नाहीं.

हा भेद क्षुल्लक नव्हे. नांदेड-लातूरकडील एखाद्या कारखान्यांत छिन्नीवर हातोडा पडतो, लोखंडाचा कण उडून डोळ्यांत शिरतो, पाणी येतें, दुखणें थांबतें, आणि कामगार तें विसरून जातो. कण मात्र आंत गंजत राहून दृष्टि मंद करितो. पुढें कधीं कंबरदुखीसाठीं त्यास एम.आर.आय. यंत्रांत निजवितात. त्या यंत्राचा चुंबक बहुधा दीड टेस्ला शक्तीचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें तीस हजार पट! डोळ्यांतील कण त्याच्या ओढीनें सरकला, तर दृष्टि जाऊं शकते. शिसें चुंबकास जुमानीत नाहीं. परंतु शिशाची गोळी सांध्यांत राहिली, तर ती तेथील द्रवांत झिजून रक्तांत विष कालविते. म्हणून 'गोळी आहे' एवढ्यानें भागत नाहीं. कशाची व कोठें, हेंही लिहावें लागतें.

ज्याच्याजवळ जुना कागद नाहीं, त्याचा सारा भार त्याच्या आठवणीवर पडतो. यास्तव यंत्राच्या दाराशीं विचारतात, "डोळ्यांत कधीं लोखंडाचा कीस गेला होता काय?" उत्तर होकारार्थी आलें, कीं प्रथम डोळ्यांचें क्ष-किरण-चित्र काढितात, दार त्यानंतर.