उलटा ‘के’ आणि सहा सूर

अरुणाचलच्या नकाशात चांगलांग जिल्ह्याचं एक टोक सरळ म्यानमारमध्ये घुसलेलं दिसतं. तीन बाजूंना म्यानमार आणि चौथ्या बाजूला नामदाफाचं १,९८५ चौरस किलोमीटरचं जंगल. या टोकावरच्या गावांची नावं आहेत विजयनगर आणि गांधीग्राम. नावं वाचून वाटावं, की इथे हिंदी चालत असेल, गेला बाजार नेपाळी. नेपाळी आहेच, आसाम रायफल्समधून निवृत्त झालेल्या गुरखा जवानांची कुटुंबं सरकारने इथे वसवली. पण गांधीग्रामला त्याआधी शिदी म्हणत आणि विजयनगरला दाउदी. १९६१ साली आसाम रायफल्सची मोहीम इथवर पोचली, या दलाचे तेव्हाचे प्रमुख मेजर जनरल गुराया यांच्या मुलाच्या नावावरून दाउदीचं विजयनगर झालं. तिथे आधीपासून राहणारे लोक स्वतःला लिसू म्हणवतात. भारताच्या सरकारी कागदांत ते ‘योबिन’ आहेत.

लिसू ही तिबेटो-बर्मन कुटुंबाच्या लोलोइश शाखेतली भाषा. या शाखेचं मूळ घर म्हणजे चीनचा नैर्ऋत्य कोपरा, युनान आणि सिच्वान. बर्मी भाषा तिची जवळची नातलग. शाखेच्या नावावरूनही वाद आहे. ‘लोलो’ हा शब्द चीनमध्ये हिणवण्यासाठी वापरला जाई, म्हणून तिथले अभ्यासक ‘यी’ म्हणतात. लिसूवर अनेक दशकं काम केलेले ऑस्ट्रेलियातले भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॅडली ‘ङ्वी’ हे नाव वापरतात.

या भाषेचं शास्त्रीय कुतूहल तिच्या सुरांत आहे. एकच अक्षर चढ्या, सपाट किंवा पडत्या सुरात म्हटलं की अर्थ बदलतो, आणि लिहिताना असे सहा सूर वेगळे दाखवले जातात. हे सूर आले कुठून? लिसूत अक्षराचा शेवट नेहमी स्वराने होतो. पूर्वज भाषेत मात्र कित्येक शब्दांच्या अखेरीला प्, त्, क् होते. बर्मीच्या लेखनात त्यांच्या खुणा अजून शिल्लक आहेत. ही व्यंजनं झिजून गेली, पण ती उच्चारताना गळा जो आवळला जाई, तो पीळ मागच्या स्वरात उरला आणि त्याचाच पुढे सूर झाला. अक्षराच्या सुरुवातीच्या व्यंजनांनीही सुरांच्या फाटाफुटीला हातभार लावला. या घडणीला ‘टोनोजेनेसिस’ हे नाव दिलं जेम्स मॅटिसॉफ यांनी. त्यांचं आयुष्य लिसूची भावकी असलेल्या लाहू भाषेच्या अभ्यासात गेलं. लिसूत ‘ह’नंतरचा स्वर विनाकारण नाकात जातो. विनाकारण हा आपला समज; गळ्यातून सुटणारा श्वास आणि नाकातला आवाज यांचं कानाला जाणवणारं साम्य त्यामागे आहे, हेही मॅटिसॉफ यांनीच दाखवलं.

आता लिपी. लिसूंच्या दंतकथेत त्यांची जुनी लिपी जनावराच्या कातड्यावर लिहिलेली होती आणि ते कातडंच खाल्लं गेलं. या डोंगरपट्ट्यातल्या अनेक जमाती अशीच गोष्ट सांगतात. नवी लिपी आली १९१५च्या आसपास. सारा बा थॉ हा कारेन धर्मोपदेशक आणि जेम्स फ्रेझर हा इंग्रज मिशनरी यांनी ती घडवली. त्यांनी रोमन मोठी अक्षरं घेतली आणि ती पुरेनात तेव्हा तीच उलटी केली. छापखान्यात नवे खिळे ओतायची गरज नाही, आहे तोच खिळा फिरवून बसवायचा. के म्हणजे क, उलटा के म्हणजे ख, जी म्हणजे ग. पी म्हणजे प, फिरवलेला पी म्हणजे फ, बी म्हणजे ब. चेहरा रोमन असला तरी मांडणी आपल्या वर्गांची आहे. आणखी गंमत अशी, की व्यंजनाला स्वर जोडला नाही, तर त्यात ‘आ’ आहे असंच धरायचं. हा हिशेब रोमन लिपीला कुठून सुचणार? कारेन भाषा बर्मी वळणाच्या लिपीत लिहितात आणि बर्मी लिपी ब्राह्मीची वंशज. हा गुण बा थॉच्या हातून आला असावा, असा माझा अंदाज आहे. नाव मात्र ‘फ्रेझर लिपी’ असं पडलं.

एका बाबतीत ती आपल्या लिपीच्या पुढे आहे. ‘जग’ हा शब्द दुनिया म्हणून वाचायचा की ‘जगत राहा’ म्हणून, हे मराठी वाचकाला संदर्भावरून ठरवावं लागतं, कारण दोन्ही ‘ज’ना आपल्याकडे अक्षर एकच. तीच गोष्ट ‘चार’ आणि ‘चाक’मधल्या ‘च’ची. लिसूत ‘चार’च्या ‘च’ला सी आणि ‘चाक’च्या ‘च’ला एफ, तसंच दोन ‘ज’ना जे आणि झेड.

याच सुमारास, १९२०च्या दशकात, युनानमधल्या वेइशी भागातल्या वांग रेन्बो या शेतकऱ्याने हजाराच्या आसपास चिन्हांची स्वतंत्र लिपी एकट्याने रचली आणि ती बांबूवर कोरली. ती फार पसरली नाही, पण मला या माणसाबद्दल फ्रेझरपेक्षा जास्त कुतूहल आहे. पुढे १९५०च्या दशकात चीन सरकारने लिसूसाठी रोमन वळणाची तिसरी लिपी काढली. लोकांनी उलटा के सोडला नाही. शेवटी १९९२ साली सरकारनेच जुन्या लिपीला मान्यता दिली.

चीनमध्ये लिसू ही अधिकृत अल्पसंख्य जमात आहे. २०१०च्या जनगणनेत त्यांची संख्या ७ लाखांवर होती. म्यानमारच्या सरकारी यादीत ते ‘काचिन’ या मोठ्या गटाखाली येतात. थायलंडात ‘डोंगरी जमात’. भारतात त्यांना नागरिकत्व मिळायला १९९४ साल उजाडावं लागलं. तोवर ते सरकारच्या लेखी सीमेपलीकडून आलेले. त्यांचा स्वतःचा हिशेब कुळांवर चालतो: मधमाशी, मासा, अस्वल, बांबू, नांगर, दहिवर, आग. आपल्याकडची देवकं आठवावीत अशी ही यादी. लिसू माणूस परक्या देशातल्या लिसूला भेटला की कूळ विचारतो, आणि मग नातं लागतं.

नामदाफा १९८३ साली राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हापासून वनखात्याच्या भाषेत इथल्या लिसूंपैकी अनेक जण ‘अतिक्रमण करणारे’ ठरले. शिकारीचा दोषही त्यांच्यावर आला आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण १९९९ साली उत्तर म्यानमारमध्ये नव्याने नोंदलेलं चिमुकलं भेकर, लीफ डिअर, भारतातही आहे हे अपराजिता दत्त आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलं, ते इथल्या शिकाऱ्यांच्या माहितीमुळेच. विज्ञानाला नवा असलेला हा प्राणी लिसूंच्या ओळखीचा होता.

पुन्हा लिपीकडे. २००९ साली युनिकोडने लिसू लिपीला ४८ जागा दिल्या: ४० अक्षरं, ६ सूर, २ विरामचिन्हं. अक्षरं रोमनसारखी दिसत असताना वेगळ्या जागा कशाला, या प्रश्नाचं निम्मं उत्तर सुरांत आहे. फ्रेझर लिपीत सूर दाखवतात टिंब आणि स्वल्पविरामाने, कधी एकेरी, कधी दुहेरी. साधं टिंब वापरलं की संगणकाला प्रत्येक अक्षरानंतर वाक्य संपल्यासारखं वाटतं. मग खरोखर वाक्य संपलं हे दाखवायचं कसं? त्यासाठी लिसू लोक बरोबरचं चिन्ह वापरतात, गणितातलं, दोन आडव्या रेघांचं.