हिवाळ्याचं सरपण: ऐकीव आणि खरं

पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी गॅस आला, गीझर आला, तरी सरपण संपलेलं नाही. गावठाणातल्या जुन्या घरांत आणि वस्त्यांत आंघोळीचा बंब अजून पेटतो. कारखान्यांच्या गेटवर रात्रपाळीचे रखवालदार शेकोटी करतात. मावळ-खेडच्या बाजूला शेतघर बांधलेले लोक चुलीची हौस भागवतात आणि चाकण-तळेगावकडचे ढाबे ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी लावतात. दसरा झाला की या सगळ्यांची लाकडं आणायची, फोडायची, रचायची लगबग सुरू होते. सल्लेही फुकट मिळू लागतात. त्यातले बरेचसे एकच गोष्ट विसरतात: लाकडात पाणी असतं.

गैरसमज: थंडी पडली की लाकूड आणावं, चार दिवसांत वाळतं.

वस्तुस्थिती: नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. ते वीस टक्क्यांच्या आत आलं, तर जळण चांगलं. त्यासाठी फोडलेल्या लाकडाला सहा महिने लागतात, जाडजूड ओंडक्याला वर्षही पुरत नाही. आपल्याकडे लाकूड वाळण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की वाळणं जवळजवळ थांबतं. म्हणजे या थंडीत जाळायचं लाकूड गेल्या थंडीतच फोडलेलं हवं. गावाकडे मृगाच्या आधी सरपण वळचणीला लावून ठेवतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

दसऱ्यानंतर वखारीत गेलात तर वाळलेलं लाकूड निवडून घ्या, कारण तिथे वजनावर पैसे मोजायचे असतात. शंभर किलो ओल्या लाकडात पन्नास किलो पाणी असेल, तर ते वीस टक्क्यांवर वाळल्यावर जेमतेम ६२ किलो भरतं. उरलेल्या ३७-३८ किलोंचे पैसे पाण्यासाठी गेले. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना मध्यापासून कडेकडे चिरा पडलेल्या असतात आणि साल नखानंही सुटते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजतात. ओल्या असतील तर बद्द आवाज येतो. याहून खात्रीची रीत हवी असेल तर एका ढलपीवर खडूनं खूण करा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन टिपून ठेवा आणि दर पंधरवड्याला पुन्हा करा. वजन उतरायचं थांबलं की ढीग तयार झाला.

गैरसमज: ओलं लाकूडही जळतंच, फक्त जरा धूर होतो.

वस्तुस्थिती: एक किलो कोरड्या लाकडातून सुमारे १८,००० किलोज्यूल उष्णता मिळते. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २,६०० किलोज्यूल लागतात. निम्मं पाणी असलेल्या लाकडात कोरड्या लाकडाच्या किलोमागे किलोभर पाणी असतं, म्हणजे उष्णतेचा सातवा हिस्सा तिथेच गेला. खरं नुकसान याहून मोठं आहे. पाण्यामुळे आग थंड राहते आणि लाकडातून निघणारे ज्वलनशील वायू न जळताच बाहेर पडतात. आपण ज्याला धूर म्हणतो ते बरंचसं हे न जळालेलं इंधनच. तेच बंबाच्या नळीत काजळी म्हणून बसतं आणि माणसाच्या छातीतही. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

गैरसमज: परतीच्या पावसानं भिजलेलं लाकूड वाया गेलं.

वस्तुस्थिती: ओलं आणि भिजलेलं यांत फरक आहे. आधी नीट वाळलेल्या लाकडावर पाऊस पडला, तर पाणी बहुतेक वरवरच राहतं. वाऱ्याला मोकळं केलं की काही दिवसांत ते उडून जातं. हिरव्या लाकडातलं पाणी मात्र त्याच्या नळ्यांत आणि पेशींत भरलेलं असतं. ते महिन्यांनीच निघतं.

गैरसमज: कडक उन्हात टाका, वरून ताडपत्री गच्च बांधा.

वस्तुस्थिती: ऊन मदत करतं, पण पाणी वाहून नेतो तो वारा. ताडपत्री चारी बाजूंनी आवळली की आतली वाफ आतच कोंडते आणि लाकडावर बुरशी चढते. फक्त माथा झाका, बाजू उघड्या ठेवा. साल ही झाडाची पाणी राखणारी कातडी आहे, त्यामुळे अख्खा ओंडका कितीही तापवला तरी आतून ओला राहतो. पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगांतून. बंबासाठी वीतभर आणि चुलीसाठी हातभर तुकडे करून फोडले तर वाळणं कितीतरी लवकर होतं.

रचताना खाली विटा किंवा बांबू आडवे टाका, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी थेट लाकडाला भिडत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. उंची छातीच्या वर नेऊ नका, नाहीतर खालचं एक ओढताना वरची रास अंगावर येते.

गैरसमज: बाभूळ सोडून बाकी लाकडात उष्णताच नसते.

वस्तुस्थिती: तितक्याच कोरड्या कुठल्याही लाकडाच्या एका किलोतून उष्णता जवळपास सारखीच मिळते. बाभूळ जड असते, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या तुकड्यात जास्त लाकूड मावतं आणि निखारा बराच वेळ टिकतो. मटण शिजवायला किंवा बंबाला ते सोयीचं. पण वजनावर विकत घेताना ओल्या बाभळीपेक्षा वाळलेला सुबाभूळ केव्हाही परवडतो.

गैरसमज: कंपनीतलं पॅलेट म्हणजे फुकटचं, स्वच्छ, वाळलेलं जळण.

वस्तुस्थिती: चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांतून पॅलेट आणि खोक्यांच्या फळ्या भंगारवाल्यांमार्फत सहज मिळतात. परदेशी मालाबरोबर फिरणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा शिक्का असतो. ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो मारतात. त्यातल्या ‘एचटी’ या अक्षरांचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते जाळूच नये. एचटी शिक्कासुद्धा फक्त कीड मेल्याची ग्वाही देतो. पुढे त्या फळीवर मशीनचं तेल, कूलंट की रंग सांडला, हे तो सांगत नाही. देशांतर्गत वापरातल्या बऱ्याच पॅलेटवर शिक्काच नसतो.

प्लायवूड, एमडीएफ आणि सनमायका लावलेल्या फळ्या तर चुलीपासून लांबच ठेवा. त्यांच्या गोंदात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं. अशा लाकडाच्या राखेनं भांडी घासू नयेत, ती कुंडीतही टाकू नये; शिवाय तिच्यात खिळे असतात. पॅलेटचा चांगला उपयोग एकच: ते आडवं टाका आणि त्यावर लाकडं रचा. खालून वारा खेळायला इतकी आयती चौकट दुसरी नाही.

शेकोटीत पॅलेटबरोबर प्लास्टिक, थर्माकोल, टायरचे तुकडे गेले तर तो उघड्यावर कचरा जाळणं ठरतं. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये त्यावर देशभर बंदी घालून ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली होती.

गैरसमज: गच्ची रिकामीच आहे, तिथे रचून ठेवू.

वस्तुस्थिती: भारतीय मानकानुसार ये-जा असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. मीटरभर उंच रचलेली वाळकी बाभूळ तेवढ्याच जागेत साडेचारशे-पाचशे किलो भरते, म्हणजे तिप्पट. ओली असेल तर आणखी जास्त. लाकूड जमिनीवरच रचा. जिन्याखाली आणि मीटरच्या पेटीजवळ तर नकोच, कारण आग लागली की बाहेर पडायची वाट तीच असते.

गैरसमज: वठलेलं झाड तोडायला कुणाला विचारायची गरज नाही.

वस्तुस्थिती: महापालिका हद्दीत झाडांचं संरक्षण व जतन करणारा १९७५ चा राज्याचा कायदा लागू आहे. झाड आपल्या अंगणातलं असलं, वठलेलं असलं, तरी तोडण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

गैरसमज: लाकडाच्या वासानं साप येतात, फिनेल शिंपडलं की येत नाहीत.

वस्तुस्थिती: ढिगात उंदीर असतात, अंधार असतो आणि गारवा असतो, म्हणून साप येतात. फिनेलवर विसंबू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. लाकूड उचलताना जाड हातमोजे आणि बूट घाला, दिवसाउजेडी काम करा, आधी काठीनं ढीग ठोका. वरून एकेक काढा, फटीत हात घालू नका. दंश झालाच तर जखम चिरू नका, करकचून बांधू नका, चोखू नका. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करा किंवा पिंपरीतल्या वायसीएमसारखं मोठं रुग्णालय गाठा.

गैरसमज: धूर संपून निखारे झाले की शेगडी खोलीत घ्यायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: थंडीतली सगळ्यात घातक समजूत हीच. धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. बंद न्हाणीघरातला बंब, रखवालदाराच्या पत्र्याच्या केबिनमधलं निखाऱ्यांचं घमेलं आणि खिडकी लावलेल्या बाथरूममधला गॅस गीझर, तिन्हींत धोका तोच. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं दिसताच त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि डॉक्टरकडे न्या. लाकूड वाळलेलं असेल तर धूर कमी होतो. खिडकी मात्र तरीही उघडीच ठेवावी लागते.