जड पाणी म्हणजे दूषित पाणी नव्हे

पुण्याच्या उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये नळावर पांढरा थर दिसला की पाणी खराब ठरवले जाते. हा थर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. धरणात साठलेले पावसाचे पाणी सहसा मृदू असते, तर बोअरवेलचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरताना हे क्षार घेत येते आणि जड होते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी आरोग्याधारित मर्यादा घातलेलीच नाही. मुतखड्याची भीती सर्रास घातली जाते, पण जड पाण्याने तो होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. गिझर बिघडतो, साबण फेसत नाही, केस राठ होतात, हा त्रास मात्र खराच आहे.

धोका असतो तो न दिसणाऱ्या गोष्टींचा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय जंतुदूषित पाण्यावर होता, क्षारांवर नव्हता. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू मोजत नाही. ‘आमच्याकडे आरओ आहे’ हे उत्तरही अपुरे, कारण भाजी आणि भांडी टाकीच्याच पाण्याने धुतली जातात. म्हणून सोसायटीने सॉफ्टनरच्या आधी ई-कोलाय, नायट्रेट आणि नळाला उरणारे क्लोरीन तपासून घ्यावे, आणि टँकरचे पाणी या तपासणीतून वगळू नये.