गोडाखालचा कोरडेपणा

क्रीम शेरीत साय नसते. हे नाव पडले ब्रिस्टल या इंग्लिश बंदरात. तिथे येणाऱ्या गोड शेरीला ‘ब्रिस्टल मिल्क’ म्हणत. सॅम्युएल पेपीसच्या १६६८ च्या रोजनिशीत तिची नोंद आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात हार्वे या तिथल्याच पेढीने त्याहून दाट मिश्रण काढले. ते चाखून एक पाहुणी बाई म्हणाल्या, ‘ते दूध असेल, तर ही साय!’ अशी कथा सांगतात. खरी असो वा रचलेली, नाव चिकटले. त्याबरोबर अपकीर्तीही चिकटली: नाताळात आजीबाईंनी घ्यायचे गोडमिट्ट पेय. वाइनचे जाणकार आजही नाक मुरडतात. मला वाटते, ते वरच्या गोडापाशीच थांबतात.

शेरी दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची. अरबी अमदानीत या गावाला शरीश म्हणत, त्याचे इंग्रजांनी ‘शेरी’ केले. तिथल्या पांढऱ्या, खडूसारख्या जमिनीत पालोमिनो द्राक्ष होते. त्याचा रस आंबला की साखर संपते आणि वाइन कोरडी होते. गंमत म्हणजे खरी साय धरते ती फिनो या हलक्या शेरीवर: यीस्टचा पांढरा थर, जो वाइनला हवेपासून राखतो. ओलोरोसो प्रकारात मात्र मद्यार्क मिसळून तीव्रता १७ टक्के किंवा त्याहून वर नेतात. तिथे तो थर जगत नाही. पिंप मुद्दाम थोडे रिकामे ठेवतात, हवा लागत राहते, आणि वाइन वर्षानुवर्षे तपकिरी, दाट होत जाते.

पिंपांच्या उतरंडीला सोलेरा म्हणतात. सगळ्यांत जुन्या, खालच्या पिंपातून थोडीच वाइन काढायची. तेवढीच भर त्याहून तरुण पिंपातून घालायची, त्यात आणखी तरुण. कोणतेच पिंप पूर्ण रिकामे होत नाही. विरजण मोडू न देणाऱ्या घराला हे वेगळे समजवायला नको.

मग गोडी कुठून? पेद्रो हिमेनेस या दुसऱ्या द्राक्षातून. हे घड तोडून उन्हात वाळवतात. आपल्या तासगावकडे बेदाणा शेडच्या सावलीत वाळतो; इथे काम रणरणत्या उन्हाचे. त्या मनुकांच्या रसाची वाइन काळीभोर, काकवीसारखी होते. लिटरमागे ४०० ग्रॅम साखर असलेली अनेकदा मिळते. ती ओलोरोसोत मिसळली की क्रीम. नियमाप्रमाणे क्रीममध्ये लिटरला ११५ ते १४० ग्रॅम साखर असावी लागते.

स्वस्त, गोड शेरीचा पूर निर्यातीला लोटला आणि हेरेसने स्वतःचेच नाव खाली आणले. १९८० च्या सुमारास तिथे २०,००० हेक्टरांहून अधिक मळे होते; आता ७,००० च्या आसपास उरलेत. तेव्हा बरी क्रीम ओळखता येणे हा निव्वळ शौक नाही.

ओळखायची कशी? लहान तोंडाच्या पेल्यात दोन घोट, थंड पण गारठलेली नको. १२-१३ अंश पुरे. आधी वास. इथे नाक फसवते: ओलोरोसोचा वास मुळातच गोडसर, अक्रोडाचा आणि जुन्या लाकडाचा, जरी जिभेवर ती पूर्ण कोरडी असते. घोट घेतल्यावर पहिल्यांदा मनुका, अंजीर, खजूर येणारच. त्यांना जाऊ द्यावे. गिळल्यानंतर अक्रोडाच्या सालीचा किंचित कडसरपणा आणि संत्र्याच्या सालीची धार उरली, तर खालची ओलोरोसो चांगली. ओठ नुसतेच चिकट झाले, तर साखरेने काहीतरी झाकले आहे.

खात्री हवी असेल, तर ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेस वेगवेगळ्या आणून तीनास एक अशा मिसळून पाहाव्यात. पहिल्यांदा केले तेव्हा माझा हात पेद्रोकडे सैल सुटला आणि पेल्यात पाक झाला. दुसऱ्या खेपेला थेंबाथेंबाने घातली. एका ठिकाणी कोरडी वाइन अचानक गोल झाली, पण हरवली नाही. तिथे थांबलो.