विश्लेषण : प्रवाशांना सिगारेटबंदी, मग कॉकपिटमध्ये धूर कसा?

विटा : सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी विटा, खानापूर, आटपाडी परिसरातील गलाई बांधव देशाच्या कानाकोपऱ्यात आणि पार काठमांडूपर्यंत पोहोचले आहेत. दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला येण्यासाठी एकेकाळी त्यांचे दोन-दोन दिवस रेल्वेत जात. आता कोल्हापूर किंवा पुण्याच्या विमानतळावर उतरून ते काही तासांत घरी पोहोचतात. विमानात बसले की पहिल्याच घोषणेत धूम्रपानास सक्त मनाई असल्याचे सांगितले जाते. पण जगातील काही घटनांत हा नियम प्रवाशाने नव्हे, तर विमान चालवणाऱ्यानेच मोडला. त्यातील एका विमानाला काठमांडूत भीषण अपघात झाला.

नियम वैमानिकांनाही लागू आहे का?

होय. भारतात सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांबाबतच्या २००३ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ‘कोणत्याही व्यक्तीने’ धूम्रपान करायचे नाही. सार्वजनिक वाहनेही त्यात येतात. प्रवासी आणि कर्मचारी असा भेद त्यात नाही. विमान नियम, १९३७ मध्येही विमानातील धूम्रपानासाठी स्वतंत्र तरतूद होती. ई-सिगारेटच्या उत्पादनावर आणि विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे. म्हणजे नियमात पळवाट नाही. फरक पडतो तो पकडले जाण्यात.

प्रवासी लगेच कसे सापडतात?

विमानाच्या स्वच्छतागृहात धूर ओळखणारे यंत्र असते. धूर होताच गजर वाजतो. मार्च २०२३ मध्ये लंडनहून मुंबईला येणाऱ्या विमानात एक प्रवासी असाच सापडला. मुंबईत उतरताच त्याला पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. न्यायालयाने २५ हजार रुपयांचा जामीन मंजूर केला, पण कायद्यात दंड २५० रुपयांचाच असल्याचे सांगत त्याने रक्कम भरायला नकार दिला आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली.

कॉकपिटमध्ये मात्र बहुतेक विमानांत असा गजर नसतो. दरवाजा आतून बंद असतो. आत काय चालले आहे, हे सहसा दोनच माणसांना माहीत असते.

काठमांडूच्या अपघातात काय घडले?

१२ मार्च २०१८ रोजी यूएस-बांगला एअरलाइन्सचे ढाक्याहून निघालेले विमान काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर उतरताना धावपट्टीबाहेर गेले आणि पेटले. विमानातील ७१ पैकी ५१ जणांचा मृत्यू झाला.

नेपाळच्या चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल जानेवारी २०१९ मध्ये आला. कॉकपिटमधील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणावरून आयोगाने त्या प्रवासाचे चित्र उभे केले. एका सहकाऱ्याने आपल्या कामाबद्दल शंका घेतल्याने कॅप्टन कमालीचे अस्वस्थ होते. प्रवासभर ते त्याविषयीच बोलत होते, मध्येच त्यांना रडू कोसळले. कंपनीची मनाई असतानाही त्यांनी कॉकपिटमध्ये सिगारेट ओढली. शेजारी बसलेल्या सहवैमानिक वयाने आणि अनुभवाने खूप कनिष्ठ होत्या.

काठमांडू डोंगरांनी वेढलेले आहे. तिथे उतरणे अनुभवी वैमानिकांनाही अवघड वाटते. त्या दिवशी धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडून उतरायचे, यावरून कॉकपिट आणि नियंत्रण कक्ष यांच्यात गोंधळ उडाला. विमान नेमके कुठे आणि कोणत्या स्थितीत आहे याचे भान सुटणे, हे आयोगाने अपघाताचे संभाव्य कारण मानले.

अपघात सिगारेटमुळे झाला, असे अहवाल म्हणत नाही. पण कॅप्टनची मनःस्थिती बिघडली आहे आणि कॉकपिटमधील शिस्त सुटली आहे, याची सिगारेट ही उघड खूण होती. ती खूण दिसत असूनही उड्डाण तसेच पुढे सुरू राहिले.

ई-सिगारेटमुळे विमान खाली कसे आले?

त्याच वर्षी १० जुलैला एअर चायनाचे बोइंग ७३७ विमान हाँगकाँगहून दालियनला निघाले होते. विमानात १५३ प्रवासी आणि ९ कर्मचारी होते. सहवैमानिकाने कॉकपिटमध्ये ई-सिगारेट ओढली. तिची वाफ प्रवाशांपर्यंत जाऊ नये म्हणून त्याने कॅप्टनला न सांगता हवा फिरवणारा पंखा बंद करायचे ठरवले. पण चुकून त्याने शेजारची, केबिनमध्ये हवा भरणारी यंत्रणाच बंद केली.

सुमारे ३५ हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की, केबिनमध्ये दाबाखाली हवा भरली नाही तर माणूस काही क्षणांत शुद्ध हरपतो. धोक्याचा इशारा वाजला. वैमानिकांनी विमान वेगाने १० हजार फुटांपर्यंत खाली आणले. प्रवाशांच्या डोक्यावरून ऑक्सिजनचे मास्क खाली आले. चूक लक्षात आल्यावर यंत्रणा सुरू करून त्यांनी विमान पुन्हा वर नेले आणि दालियन गाठले.

हा निर्णयही धोक्याचाच होता. प्रवाशांच्या मास्कमधील ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटेच पुरतो आणि एकदा वापरला की संपतो. पुन्हा तीच वेळ आली असती, तर प्रवाशांच्या हाती काहीच उरले नसते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दोन्ही वैमानिकांचे परवाने पुढे रद्द झाले.

कॉकपिटमधील सिगारेट जास्त धोक्याची का?

पहिले कारण आगीचे. वैमानिकांच्या आसनाशेजारीच त्यांचे ऑक्सिजनचे मास्क असतात. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आग प्रचंड भडकवतो. वेल्डिंगच्या दुकानात सिलिंडरजवळ विडी पेटवू देत नाहीत, ते याचसाठी.

दुसरे कारण शरीराचे. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. म्हणजे रक्ताला ऑक्सिजन आधीच कमी मिळतो. सिगारेटमधील कार्बन मोनॉक्साइड तो आणखी घटवतो. रात्री दिसण्याच्या क्षमतेवर त्याचा परिणाम आधी होतो.

तिसरे कारण सवयीचे. आकाशात धुराचा वास हा पहिला इशारा असतो. कॉकपिटमध्ये सिगारेटचा वास नेहमीचाच झाला, तर जळणाऱ्या वायरीच्या वासाकडेही दुर्लक्ष होऊ शकते.

२०१६ मध्ये इजिप्तएअरचे पॅरिस-कैरो विमान भूमध्य समुद्रात कोसळून ६६ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाच्या सिगारेटमुळे हे घडल्याचे संदेश मोबाइलवर फिरत असतात. प्रत्यक्षात सिगारेटचा आरोप सिद्ध झालेला नाही. फ्रान्सच्या तपास यंत्रणेने ऑक्सिजन गळतीमुळे भडकलेल्या आगीकडे बोट दाखवले आहे, तर इजिप्तने स्फोटकांचे कारण दिले आहे.

पूर्वी चालत होते, मग बंदी कशी आली?

११ जुलै १९७३ रोजी व्हारिग कंपनीच्या रिओ-पॅरिस विमानात मागच्या स्वच्छतागृहात आग लागली. कचऱ्याच्या डब्यात टाकलेली जळती सिगारेट हे संभाव्य कारण मानले गेले. धुरामुळे वैमानिकांना पॅरिसच्या विमानतळाआधीच शेतात विमान उतरवावे लागले. १२३ जण दगावले. त्यानंतर स्वच्छतागृहात धूम्रपानाला बंदी आली. दाराजवळ राखपात्र असणे मात्र सक्तीचे झाले, कारण कोणी नियम मोडलाच तर जळते थोटूक कागदाच्या कचऱ्यात पडू नये. ते राखपात्र आजच्या नव्या विमानांतही दिसते.

अमेरिकेने १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या, १९९० मध्ये बहुतेक सर्व देशांतर्गत आणि २००० मध्ये सर्वच उड्डाणांत बंदी आणली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९२ मध्ये, सर्व आंतरराष्ट्रीय उड्डाणे जुलै १९९६ पर्यंत धूम्रपानमुक्त करण्याचे आवाहन सदस्य देशांना केले.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या १९९० च्या बंदीतून कॉकपिट वगळले होते. तलफ आलेल्या वैमानिकाचे लक्ष विचलित होईल, अशी भीती त्यामागे होती.

मग कॉकपिटमध्ये पकडणार कोण?

शेजारी बसलेला सहकारीच. चीनने जानेवारी २०१९ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. कॉकपिटमध्ये सिगारेट किंवा ई-सिगारेट ओढणाऱ्याला पहिल्या वेळी १२ महिने आणि पुन्हा सापडल्यास ३६ महिने उड्डाणबंदी जाहीर झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाहूनही न रोखणाऱ्या सहकाऱ्यालाही सहा महिन्यांची बंदी ठेवण्यात आली.

वरिष्ठ कॅप्टनला ‘सर, सिगारेट विझवा’ असे सांगणे नव्या सहवैमानिकाला सोपे नसते. पुढची बढती, पुढचे मूल्यमापन त्याच कॅप्टनच्या हाती असू शकते. त्यामुळे तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहील आणि त्याच्यावर डूख धरला जाणार नाही, याची हमी कंपनीने दिली तरच हा नियम बंद दरवाजामागेही पाळला जाईल.

प्रवाशांनी काय करावे?

• सिगारेटचा किंवा जळका वास आला तर तो कुठून येतो याचा शोध घेत बसू नये. लगेच केबिन कर्मचाऱ्यांना सांगावे. तो वास बिघाडाचाही असू शकतो.

• कॉकपिटच्या दाराजवळ जाऊन वाद घालू नये. तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

• उड्डाण क्रमांक, तारीख, वेळ आणि आसन क्रमांक लिहून ठेवावा. बोर्डिंग पास जपून ठेवावा.

• उतरल्यावर विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर किंवा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) तक्रार करता येते.