संगणकावर नको ती चौकट सारखी उघडतेय? फुली मारून भागणार नाही, मूळ शोधा

संगणक सुरू करून दोन मिनिटं होत नाहीत तोच कोपऱ्यात चौकट येते : ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब क्लिक करा.’ फुली मारली की जाते, थोड्या वेळानं पुन्हा हजर! मुलाचा परीक्षेचा अर्ज भरताना किंवा दुकानाचं बिल करताना हे झालं की माणूस वैतागतो आणि चौकटीतल्या नंबरवर फोन लावतो. खरा फटका तिथंच बसतो.

फुली मारल्यानं चौकट बंद होते, तिला पाठवणारा मात्र तिथंच राहतो. तो कुठं असतो, ते विंडोज संगणकावर असं शोधा.

१. ब्राउझरची परवानगी
चौकटीवर क्रोम किंवा एजचं नाव आणि सोबत एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसतोय का बघा. दिसत असेल, तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं सांगून कुठल्या तरी साइटनं तुमच्याकडून परवानगी घेतलेली असते. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. अनोळखी साइट यादीतून काढून टाका. एक्स्टेन्शन्सची यादीही तपासा. तुम्ही न टाकलेलं काही असेल तर काढा.

२. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम
संगणक चालू केल्याबरोबर काही उघडत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपमध्ये जाऊन नको त्या नावावर राइट क्लिक करा आणि डिसेबल निवडा. यानं प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होणं थांबतं. अँटिव्हायरसला किंवा ओळखीच्या नसलेल्या नावाला उगाच हात लावू नका. आधी ते काय आहे ते शोधा.

३. सोबत आलेला पाहुणा
फुकटचं सॉफ्टवेअर टाकताना आपण न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जातो आणि त्याच्यासोबत दुसरंच काही येऊन बसतं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समध्ये यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेलं अनोळखी नाव अनइन्स्टॉल करा.

४. तरीही परत आलं तर
काही प्रोग्रॅम काढले तरी पुन्हा उगवतात. अशा वेळी चालू काम सेव्ह करा. मग विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात स्कॅन ऑप्शन्स उघडून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होईल, घाबरू नका.

पूर्ण पडदाच अडकला तर?
भोंगा वाजतोय, काहीच बंद होत नाही, अशा वेळी एस्केपची कळ दाबून धरा. नाही जमलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडताना आधीची पानं पुन्हा उघडू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती फसवणूकच समजा. सांगतील ते अ‍ॅप टाकू नका, ओटीपी देऊ नका.

चुकून संगणकाचा ताबा दिलाच असेल, तर आधी इंटरनेट तोडा. बँकेला कळवा आणि दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. बेळगाव असो, पणजी, इंदूर, बडोदा की हैदराबाद, देशभर नंबर हाच. ‘पोरं हसतील’ म्हणून गप्प बसू नका. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.